पानवेलीचं पाणी

आमच्या देवासात उन्हाळा आला हे झाडांवरून कळत नाही, पिंपांवरून कळतं. होळीची राख अजून चौकात उडत असते आणि एका सकाळी गल्लीत दारादारापुढे निळी पिंपं उभी राहिलेली दिसतात. कुणी झाकणाला सायकलची साखळी लावतं, कुणी पिंपावर चुन्यानं आपलं आडनाव लिहितं. मग टँकर येतो. तापलेल्या रबरी पाइपचा वास, डिझेलचा वास, भिजल्या धुळीचा जेमतेम एक श्वास, आणि बायकांची भांडणं. "तमारो ड्रम भरई ग्यो, अब हटो, म्हारी बारी हे!" जुनी माणसं सांगतात, या गावाला एके काळी रेल्वेनं पाणी आणून दिलं होतं. ज्या गावानं पाणी गाडीतून उतरताना पाहिलं, ते गाव पाण्याकडे दुसऱ्या गावांसारखं बघत नाही. इथे कुणाच्या हातून तांब्या लवंडला तर आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात, दूध सांडल्यासारखी.

या वर्षीही पिंपं आली. मी खिडकीत उभी होते. काळजी पाण्याची नव्हती. पाणी मला मिळतं. स्वयंपाकघरात मशीन आहे, त्यातून गोड पाणी येतं. आठवत होता तो गेला उन्हाळा.

आम्ही धारचे गुरव. महादेवाच्या एका जुन्या देवळाचं काम आमच्या घराकडे. गाभारा झाडायचा, बेल खुडायचा, समई लावायची, गावातल्या मराठी घरांना लग्नामुंजीला विड्याची पानं पोचवायची. या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी. बीएस्सी, केमिस्ट्री घेऊन. हे कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते आयतं मिळालेलं नाही. आई मला आठवतही नाही, इतकी लवकर गेली. आत्या अमझेऱ्याच्या सासरहून पांढऱ्या कपाळानं परत आली होती, तिनं मला वाढवलं. मी फुलांच्या परडीला हात लावला की ओरडायची, "ठेव ती. तुझ्या हाताला शाईचा वास यायला पाहिजे, झेंडूचा नाही." शाळा-कॉलेज सगळं हिंदीत झालं. मराठी येते ती आत्याच्या तोंडची. म्हणून लिहितानाही मी बोलल्यासारखीच लिहिते.

देवळामागे विहिरीच्या कडेला शेवगा होता आणि शेवग्यावर चढलेली पानवेल. वैशाखात धारची तळी आटून चिखलाला भेगा पडायच्या, पण त्या वेलीखाली गारवा असायचा. दुपारी मी तिथे पुस्तक घेऊन बसायची. अंगावर हिरवा उजेड पडायचा, पानांच्या देठांचा तिखटसर वास यायचा. आत्या पान नखानं खुडायची, कात्री कधी लावली नाही. "लोखंड लागलं की वेल रुसते," म्हणायची. मी कॉलेजात गेल्यावर तिला समजावायची, लोखंडाचं आणि वेलीचं काही वाकडं नाही, ग. ती म्हणायची, "तुझं पुस्तक बरोबर. माझी वेल पण बरोबर."

गेल्या वर्षी फाल्गुनात आत्या न्हाणीत पडली. देवळाचं काम आता बघतो तो माझा चुलतभाऊ श्याम. तो यात्रेकरूंची गाडी घेऊन नेमावरला नर्मदेवर गेला होता, त्याची बायको माहेरी. सकाळच्या पूजेनंतर आत्या पडली, आणि संध्याकाळी देवळात दिवा का लागला नाही म्हणून शेजारीण बघायला आली तेव्हा सापडली. दिवसभर ओल्या फरशीवर. हाड मोडलं नव्हतं. पण मी पोचले तेव्हा ती खाटेवर इतकीशी झाली होती, की मला आधी वाटलं पांघरूणच आहे. मला बघून म्हणाली, "हाका मारल्या ग खूप. मग म्हटलं, माणसं लांब आहेत, महादेवालाच मारू."

मी तिला देवासला घेऊन आले. विचारलं नाही, आणलं. मी एकटीच राहत होते, एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिच्या बोचक्यात दोन लुगडी, देवाचा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानवेलीची काडी होती. देवळाच्या मागचं आवार ती पडायच्या थोडं आधीच फरशी घालून साफ केलं होतं. शेवगा गेला, वेल गेली. फरशी घालणाऱ्यांच्या आधी आत्यानं हात घातला आणि ही काडी वाचवली. त्या वेलीचं जगात एवढंच उरलं होतं.

आमच्यात कौल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मनात प्रश्न धरायचा, ओल्या पाकळ्या पिंडीला दोन बाजूंना चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मुलगी त्या घरी द्यावी का, इथे विहीर खणावी का, लोक येऊन विचारायचे, आणि पाकळ्या माझा बाप होता तोवर तो लावायचा किंवा आत्या लावायची. आत्यानं उभ्या जन्मात किती कौल लावले असतील, तिलाच ठाऊक. स्वतःसाठी मात्र एकही नाही. स्वतःसाठी तिनं पहिला कौल लावला तो माझ्या घरी आल्यावर, आणि तो पाकळीचा नव्हता.

काडी कुंडीत खोचून हात धुताना म्हणाली, "शोभे, ऐक. मी इथे राहायचं का नाही ते तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. पावसाच्या आत हिला नवं पान फुटलं तर म्हणेन, देवानं मला इथे लावलं. नाही फुटलं तर मी धारला परत. मग तू दारात आडवी पडलीस तरी थांबणार नाही."

"आणि तिथे पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडले तर पडले. देवासात काय मरण येत नाही?"

मला तेव्हा हसू आलं होतं. एक काडी तर जगवायची! मी बीएस्सी आहे, रोज पाणी तपासते, पगार त्याचाच मिळतो. आत्याला ठेवून घेणं इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

माझी गॅलरी काचा लावून बंद केलेली आहे. ऊन तिथे पडद्यातून गाळून येतं. आत्यानं तिथे घरातल्या घरात बाग मांडली. मधोमध पानवेल, तेलाच्या डब्यात पुदिना, पसरट टबात ब्राह्मी, खिडकीशी मरवा. सकाळी पाणी घातलं की ओल्या मातीचा आणि मरव्याचा वास खोल्यांमधून फिरायचा. कारखान्यातून दमून आले की दारातच तो वास यायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी माझ्यासाठी घरात आहे. इतकी वर्षं मी कुलूप उघडून घरात शिरत होते. दार आतून उघडणं ही काय चीज आहे, ते ज्यांचं रोज उघडतं त्यांना नाही कळायचं.

चैत्र संपायच्या आत पानांच्या कडा जळायला लागल्या. काडीवर धारचीच जुनी पानं होती. आधी टोक तपकिरी झालं, मग कड, मग पान कागदासारखं वाजायला लागलं. मातीवर पांढरा पापुद्रा धरला. मी तो बोटानं उचलून जिभेवर ठेवला. खारट, कडवट.

देवासच्या पाण्याशी माझी जुनी ओळख. आमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी, वरून टँकरचं, आणि टँकरही कुठल्या तरी बोअरवरच भरतो. या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुरकुर करते, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडावर खडूसारखा थर बसतो. मी लॅबमध्ये घरचं पाणी तपासलं. क्षारांचा आकडा बघितला आणि बाटली पुन्हा धुऊन पुन्हा तपासलं. माणूस असलं पाणी पिऊन जगतो, कुरकुरत का होईना. पानवेल नाही जगत. तिला गोड पाणी लागतं, सावली लागते, लाड लागतात.

मग मी जे जे केलं ते आठवलं की मलाच माझी कीव येते. उकळून गाळलेलं पाणी घातलं, तर उकळल्यानं काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. दारावर जारवाला येतो, त्याचं 'शुद्ध थंड' पाणी घेतलं, तपासलं, तर ते आमच्याच बोअरचं धाकटं भावंड निघालं, फक्त गार केलेलं. शेवटी कारखान्याच्या ऑफिसातल्या एसीच्या नळीखाली बाटली लावली. हवेतलं पाणी ते, त्यात क्षार नसतात. अकाउंट्सवाला हसला, "क्या मैडम, इत्ती कड़की आ गई? एसी का पानी पी रिये हो?" मी म्हटलं, "पी नहीं रही, पिला रही हूँ." त्याला काय कळणार. ती बाटली मी बसमध्ये मांडीवर धरून आणायची, तीर्थासारखी. पण संध्याकाळी कधी एसी बंद, कधी सफाईवाली बाटली रिकामी करून ठेवायची. देवाचा कौल एका एसीवर टांगलेला, असं किती दिवस चालणार?

एकदा तर पानवाल्याच्या टपरीपुढे उभी राहिले. ओल्या कापडावर हिरवीगार पानं रचलेली. मनात आलं, एक कोवळं पान घ्यावं, बारीक दोऱ्यानं काडीला बांधावं, आत्याची नजर अधू झालीय. घेतलं नाही. ती नजरेनं बघतच नाही, बोटांनी बघते.

मग ठरवलं, घरात पाण्याचं मशीनच बसवायचं. बसस्टँडच्या बाजूला दुकान होतं. दुकानदाराला सगळे विनोद भिया म्हणतात. रांगेनं मशीनं लटकलेली, प्रत्येकाच्या पोटात निळा दिवा.

"बोलो दीदी, घर में कित्ते मेंबर?"

"दोन. आणि चार कुंड्या. पानी पौधों के लिए चाहिए."

त्यानं पोऱ्याकडून मागवलेला चहा तसाच खाली ठेवला. "पौधों के लिए? देवास में? दीदी, यहाँ आदमी को नी मिल रिया."

"तुम्ही मशीन विकता ना? मग विका."

त्यानं आधी सॉफ्टनर दाखवला. मोठा पिवळा डबा, आत मीठ घालायचं. "पानी एकदम मक्खन. बाल देखना आपके, रेशम हो जाएँगे." मला ठाऊक होतं, सॉफ्टनर चुना काढून घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. डोक्यावरच्या केसांना रेशीम, मुळांवरच्या केसांना विष. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, आप तो पढ़े-लिखे निकले." मग कोळशाचा फिल्टर. तो क्लोरीन आणि वास काढतो, विरघळलेल्या क्षाराला हातही लावत नाही. मग जांभळ्या दिव्याचा. तो जंतू मारतो. माझ्या वेलीला जंतूंनी काही केलं नव्हतं. मी एकेका मशीनसमोर उभी राहून नाही म्हणत गेले आणि विनोद भियाचा चेहरा उतरत गेला. बाहेर ऊन डांबराला चिकटलेलं. मला रडू यायला लागलं होतं, पण मी दुकानात रडणाऱ्यांतली नाही.

उरला आरओ. दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. पलीकडचं गोड पाणी छोट्या नळाला येतं. अलीकडचं दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं, आणि ते गोड पाण्याहून जास्तच असतं. देवासात मशीन घेऊन पाणी फेकायचं! पण दुसरा मार्ग नव्हता. मी तेच घेतलं. बसवणाऱ्यानं नळी बादलीत सोडून दिली. म्हणाला, इथे सगळे असंच करतात, नालीत कुणी सोडत नाही, लोक बादलीवरून भांडतात.

छोट्या नळातून पाण्याची पहिली धार आली तेव्हा मी ते तपासलं, मग पेल्यात घेऊन आत्याला दिलं. तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला. म्हणाली, "आपल्या विहिरीसारखं आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या मनात आलं, जिंकले.

"हे वेलीचं," मी छोट्या नळावर हात ठेवून सांगितलं. "आणि ते बादलीतलं लादीला, बाथरूमला."

"हं," ती म्हणाली.

वैशाख लागला. कारखान्याची शिफ्ट सकाळची. घरी आले की आधी गॅलरीत. कुंडीची माती ओली असायची, गोड पाण्याची टाकी पुन्हा भरत असायची, म्हणजे पाणी वापरलं जात होतं. आणि वेल मरत होती. पूर्वी हळू, आता भराभर. मी माती बदलली. कुंडी फिरवली. पडदा दुहेरी केला. ओलं गोणपाट टांगलं. रोज सकाळी चप्पल घालायच्या आधी काडीचे डोळे बघायचे, जिथून पान फुटतं ते. ते मिटलेलेच. खालच्या मजल्यावरची ललिता भाभी पोहे द्यायला आली तर तिला वाटलं, मी पूजा करतेय. तशीच होते मी, वाकलेली. देवाचं मी कधी मनापासून केलं नाही. पण त्या दिवसांत काय पुटपुटत होते ते मला विचारू नका.

आत्या मात्र शांत. तिनं एकदा लुगड्याची घडी घातली आणि बोचक्यावर ठेवली, कपाटात नाही. मी ते बघितलं. तिनं मी बघितलेलं बघितलं. आम्ही डाळीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

मग एके दुपारी कारखान्याची वीज गेली ती गेलीच. आम्हाला सोडून दिलं. लू चालली होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दार लोटलेलंच होतं. आत्या गॅलरीत उकिडवी बसली होती. शेजारी बादली. वाटीनं एकेक धार वेलीच्या मुळाशी सोडत होती आणि बोलत होती, "पी बाई, पी. एवढं एक पान काढ. पोरगी सुकून चाललीय तुझ्यापायी. आपण दोघी म्हाताऱ्या, आपलं काय..."

म्हणजे तिलाही राहायचं होतं. हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी मला बादली दिसली.

"आत्या, हे कुठलं पाणी?"

"बादलीतलं."

"आणि छोट्या नळाचं?"

ती उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली तांब्याची घागर, तिच्यावर ओला फडका. माझी बाटली भरलेली. डाळीचं पातेलं त्याच पाण्याचं. ती स्वतः माठातलं, टँकरचं पीत होती. "तुझं पाणी," ती म्हणाली. "दिवसभर त्या भट्टीत जातेस. गोड पाणी आधी माणसाचं. उरलेलं झाडाचं. आपल्यात काय नवीन आहे?"

नवीन काहीच नव्हतं. मी त्याच घरात वाढले. पहिलं पाणी देवाला, मग माणसांना, आणि तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, अंघोळीचं सगळं झाडाला. त्याच उरल्यासुरल्यावर आमचा शेवगा, आमची केळ, ती पानवेल अशी माजली होती. माणसाचं उरलेलं झाडाला कधी बाधत नाही. पण मशीनचं उरलेलं वेगळं. दिसायला तेच पाणी, पण गोड पाण्यातून काढलेलं सगळं मीठ त्यात गोळा झालेलं. देवासात पाणी न सांडणारी आणि धारला उरलेल्यावर बाग फुलवणारी बाईच ही चूक करू जाणे. दुसऱ्या कुठल्याही गावात ती बादली नालीत गेली असती.

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "आत्या, तू तिला मीठ पाजत होतीस."

तिनं वाटी खाली ठेवली. दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले आणि लुगड्याला पुसले, कितीतरी वेळ पुसत राहिली.

त्यानंतर मी माती धुऊन काढली, गोड पाणी घातलं, पण वेल पावसाच्या पुष्कळ आधी गेली. काडी ओढली तर अलगद हातात आली, खाली मूळ नव्हतंच. मी मनात भांडण तयार करून ठेवलं होतं. हा कौल नाही, तू देवाला वेलीचं विचारलंस, मिठाचं नाही, असं सांगणार होते. दारात आडवी पडणार होते. कशाची गरज पडली नाही. तिनं बोचकं सोडलं आणि लुगडी कपाटात ठेवली.

"जात नाहीस?"

"कौल देवानं दिला असता तर गेले असते. हे माझ्या हातानं झालं. बापाच्या वेळची वेल मारून देवळाच्या पायरीवर कुठल्या तोंडानं बसू?"

अशी माझी आत्या माझ्याकडे राहिली. मला जे हवं होतं ते मिळालं.

वर्ष झालं. ललिता भाभी जिन्यात भेटली की म्हणते, "अम्माजी को मन लागी ग्यो अब तो, नी?" मी हो म्हणते. आत्या वेळेवर उठते, वेळेवर जेवते, टीव्हीसमोर बसते. टीव्ही चालू नसला तरी बसते. कोथिंबीर निवडायला दिली तर म्हणते, तू कर. बाकीची झाडंही वाळली, मी एकदा मुद्दाम पुदिन्याची नवी कुंडी आणली, तिनं पदराखाली हात घेतले. गॅलरीत आता कपडे वाळतात. छोट्या नळाचं पाणी आम्ही दोघी पितो. मला त्याला काही चवच लागत नाही. आकडा चांगला आहे.

शास्त्रात एक गोष्ट शिकवतात, पाणी शुद्ध करायचं म्हणजे त्यातलं वाईट नाहीसं होत नाही, फक्त दुसरीकडे जातं. कुठल्या तरी बादलीत ते असतंच. परीक्षेला मी हे बरोबर लिहिलं होतं.

गेल्या आठवड्यात मी आत्याला न सांगता धारला गेले. श्यामला म्हटलं, कौल लाव. तो बघतच राहिला. "ताई, तू? तू तर म्हणायचीस हे सगळं पाण्याच्या चिकटपणाचं असतं." मी म्हटलं, लाव. गाभाऱ्यात बेलाचा, तेलाचा आणि गार दगडाचा वास. मी हात जोडले. विचारलं, तिनं इथे परत यावं का? श्यामनं पाकळ्या लावल्या. मी बघत बसले. मी बीएस्सी, पाण्याची पाकळीला धरून ठेवण्याची ताकद किती असते ते मला गणितानं काढता येतं, आणि मी दगडाकडे बघत बसले होते, नुसती पड, पड म्हणत. बाहेर फरशी तापून दुपारच्या आरतीची वेळ झाली. दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच. श्याम खाली बघून म्हणाला, "देव बोलत नाही, ताई. पण आत्याला येऊ दे की. न्हाणीत धरायला दांडा बसवतो."

परवा पिंपं आली. खाली टँकरवर भांडण पेटलं होतं. आत्या खिडकीकडे पाठ करून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आत्या, तू धारला जा."

"हाकलतेस?"

"हो."

"आणि तिथे पडले तर?" माझाच प्रश्न तिनं मला विचारला.

"इथे वर्षभर पडलेलीच आहेस. मला उचलता येत नाही."

खाली कुणाचं तरी पिंप घरंगळलं, शिव्या ऐकू आल्या.

"देवाला विचारलंस का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. उजवी पडली, एवढं म्हणायचं. "विचारलं," मी म्हटलं. "श्यामनं लावला. एकही पाकळी पडली नाही. देव काही म्हणाला नाही. मी म्हणतेय."

"एकही नाही?" तिनं मान वर केली. "किती वेळ?"

"आरतीपर्यंत."

"पाकळ्या कशा लावल्या त्या गाढवानं? बुडवून?"

"तांब्यात बुडवून."

"अग, मग कशा पडतील! थबथबत्या पाकळ्या दगडाला चिकटून बसणारच. झटकून लावायच्या असतात. त्याच्या बापालाही नीट जमायचं नाही. वर्षभर काय लोकांना असले कौल देतोय तो? कुणाच्या पोरींची लग्नं मोडली असतील..." ती गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही, भिंत धरली आणि उभी राहिली.

"कधी निघायचं?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, विचारायला थोडा तरी वेळ घेईल.